गेट्झ तोच, ठेका वेगळा: दोन रेकॉर्ड आणि एक अर्धवट कंट्रोल

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या ज्युनियर्सचे मला मेसेज येतात, त्यात एक वाक्य हमखास असतं: "माझा विषय इंटरडिसिप्लिनरी आहे." मी विचारते, म्हणजे नेमकं काय कशात मिसळलंय? उत्तर बहुतेक वेळा असं येतं की प्रश्न या विषयातला, तंत्र त्या विषयातलं. मीही पहिल्या आरएसीच्या मीटिंगमध्ये हेच बोलले होते. एमएस्सी भौतिकशास्त्रात, पीएचडी पेशींच्या पटलांवर, त्यामुळे "दोन्हींचा संगम" वगैरे. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "संगम कुठे होतो ते बोट ठेवून दाखव." मला दाखवता आलं नाही.

त्या प्रश्नावर मी बरंच वाचलं, पण उत्तराचा रस्ता सापडला तो गाण्यांमधून. आजची पोस्ट म्हणून दोन रेकॉर्डबद्दल आहे. ब्राझीलचं संगीत आणि अमेरिकन जॅझ चार-सहा माणसांच्या छोट्या संचात मिसळण्याचे जे प्रयत्न झाले, त्यातले हे दोन सगळ्यात गाजलेले. पहिली 'जॅझ सांबा', १९६२. दुसरी 'गेट्झ/जिल्बेर्तो', रेकॉर्डिंग मार्च १९६३, बाजारात आली १९६४ मध्ये. दोन्हींत टेनर सॅक्सोफोनवर स्टॅन गेट्झ, दोन्हींचा निर्माता क्रीड टेलर, दोन्ही व्हर्व्ह कंपनीच्या. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात सोयीची गोष्ट: जोबिम आणि न्यूटन मेंदोन्सा यांची 'देसाफिनादो' ही चीज दोन्हींत आहे. तेच वाद्य, तोच वादक, तीच चाल, मध्ये तेरा महिने. प्रयोगशाळेत आपण यासाठी तडफडतो.

दोन्ही ऐकून मगच पुढे वाचा. खरंच. दहा मिनिटं लागतात.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर ताल कळणार नाही. सांबा दोन मात्रांत चालतो. त्यात सुर्दो नावाचा मोठा ढोल असतो, त्याचं वजन दुसऱ्या मात्रेवर पडतं. तांबोरीं हे छोटं वाद्य काठीने वाजवतात आणि ते मात्रांच्या मधल्या जागा आडव्या पकडतं. १९५८ मध्ये जुआँव जिल्बेर्तो या बाहियाहून आलेल्या गायकाने रिओत एक रेकॉर्ड केली, 'शेगा दे साउदादे'. त्यात त्याने हा सगळा ताफा एका गिटारवर आणला. अंगठा खालच्या तारांवर सुर्दोसारखा एकसारखा चालतो, बाकीची बोटं स्वरांचा गुच्छ एकदम उचलतात आणि तांबोरींसारखी आडवी पडतात. यावर तो जवळजवळ कुजबुजत, कंप न देता गातो, आणि शब्द कधी गिटारच्या आधी टाकतो, कधी मागे ओढतो. ठेका जागचा हलत नाही, शब्द हलतात. आपल्याकडे लय धरून बोल मागे ठेवणारी ठुमरी ज्यांनी ऐकलीय त्यांच्या कानाला हे पहिल्या फटक्यात कळतं. लोक बोसा नोव्हाला "हलकंफुलकं, समुद्रकिनाऱ्यावरचं संगीत" म्हणतात तेव्हा मला वाटतं, त्यांनी हा अंगठा ऐकलेलाच नाही.

आता 'जॅझ सांबा'. गिटारवादक चार्ली बर्ड आपल्या त्रिकूटाला घेऊन १९६१ मध्ये अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर लॅटिन अमेरिकेत गेला. बरोबर बासवर कीटर बेट्स आणि ड्रम्सवर बडी डेपेनश्मिट. ब्राझीलमध्ये डेपेनश्मिटने तिथल्या वादकांबरोबर बसून ताल शिकून घेतले. परत आल्यावर, १३ फेब्रुवारी १९६२ ला, वॉशिंग्टनमधल्या ऑल सोल्स युनिटेरियन चर्चच्या सभागृहात काही तासांत रेकॉर्डिंग उरकलं. ड्रम्सवर दोघं होते, डेपेनश्मिट आणि बिल रायशेनबाख. बर्डचा भाऊ जीन होता. ब्राझीलचा माणूस एकही नव्हता.

यातलं 'देसाफिनादो' ऐकताना माझं मत असं झालं: चाल ब्राझीलची आहे, संभाषण जॅझचं आहे. गेट्झ सुरुवातीला चाल वाजवतो, मग तिच्या स्वररचनेवर मनाने विस्तार करतो. खाली तालवादक एकसारखी, भरगच्च सळसळ चालू ठेवतात. ती सुंदर आहे, पण ती गालिच्यासारखी आहे: गेट्झ तिच्यावरून चालतो, तिला उत्तर देत नाही. मधल्या जागा तालवाद्यांनी आधीच भरलेल्या असल्यामुळे त्याला थांबायला कारणच उरत नाही. दोन ड्रमर का घेतले असतील याचा अंदाज येतो. ब्राझीलमध्ये जो ताल चार-पाच जण मिळून वाजवतात तो एका ड्रमसेटवर मावत नाही, तर दुसरा माणूस घ्या. हे तर्काला धरून आहे. जुआँवने उलटं केलं होतं, माणसं कमी केली होती.

'देसाफिनादो' या शब्दाचा अर्थ बेसूर. चालीत पहिल्याच ओळीत आवाज अशा स्वरावर येऊन टेकतो जो खालच्या स्वरगुच्छाला खटकेल असं वाटतं, आणि खटकत नाही. इथे एक गंमत आहे. जॅझच्या कानाला तो स्वर मुळीच परका नाही, बीबॉपवाल्यांनी तो आधीच घासून गुळगुळीत केला होता. त्यामुळे गेट्झच्या हातात ही चाल आल्यावर त्यातला "बेसूर" निघूनच जातो. ब्राझीलच्या गायकाच्या तोंडी ती थट्टा होती, इथे ती ओळखीची गल्ली झाली. मिसळणं म्हटलं की आपण गृहीत धरतो की दोन्ही बाजूंचं काहीतरी शिल्लक राहील. इथे एका बाजूचा विनोद विरघळून गेला.

तेरा महिन्यांनी, १८ आणि १९ मार्च १९६३ ला, न्यूयॉर्कच्या ए अँड आर स्टुडिओत. मधल्या काळात 'जॅझ सांबा' भरपूर खपली होती, नोव्हेंबर १९६२ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये बोसा नोव्हाचा मोठा कार्यक्रम झाला होता आणि त्यानिमित्ताने जुआँव आणि जोबिम न्यूयॉर्कला आले होते. या वेळी गेट्झ सोडला तर वाजवणारे ब्राझीलचे: गिटार आणि गाणं जुआँव, पियानो जोबिम, बास सेबास्तियाँव नेतो, ड्रम्स मिल्टन बनाना. दोन गाण्यांत आस्त्रुद जिल्बेर्तो, जुआँवची तेव्हाची पत्नी.

इथे 'देसाफिनादो' जुआँव आधी गातो. बनाना काय वाजवतो ते ऐका. जवळजवळ काहीच नाही. ताल गिटारच्या आत आहे, ड्रम्स फक्त त्याची कड आखतात. जोबिमसुद्धा पियानोवर एका वेळी एखाद-दुसरा स्वर ठेवून हात उचलतो. सगळीकडे जागा. मग गेट्झ येतो आणि, मला वाटतं, थोडा मोठ्याने येतो. कुजबुज चालू असलेल्या खोलीत कुणी नेहमीच्या आवाजात बोलावं तसं. या रेकॉर्डबद्दल मी जे कौतुक वाचलंय त्यात ही गोष्ट क्वचित असते, म्हणून मुद्दाम लिहिते. त्याच्या स्वराचा गाभा तसा हवेशीर आहे आणि कागदावर तो जुआँवशी जुळायला हवा. पण आवाजाची पातळी आणि वाक्याची लांबी जुळत नाही. जुआँव एका ओळीत तीनदा श्वास चोरतो, गेट्झ त्याच जागेत एक लांब पल्ला मारतो.

म्हणजे ताल बदलला तरी मिसळलं नाही, असा निष्कर्ष काढायचा का? इथेच आपला कंट्रोल डळमळतो. तालाबरोबर जागा बदलली, गायक आला, पियानो आला. आणि गेट्झ तोच असला तरी तोच नाही. मधल्या काळात त्याने गॅरी मॅकफार्लंडबरोबर मोठ्या ताफ्याची बोसा नोव्हा रेकॉर्ड केली आणि १९६३ च्या फेब्रुवारीत लुईझ बोंफाबरोबर आणखी एक. नमुना शिकत होता. सिनॉप्सिसमध्ये "बाकी सर्व घटक स्थिर ठेवून" असं तुम्ही लिहाल तेव्हा या गेट्झला आठवा.

म्हणून मी दुसरी तुलना केली, त्याच रेकॉर्डच्या आतली. तेच दोन दिवस, तीच माणसं, तोच फिल रमोन ध्वनिमुद्रणाला. त्यात 'पारा माशुकार मेउ कोरासाँव' हे गाणं आहे. आरी बारोझोचं, बोसा नोव्हाच्या कितीतरी आधीच्या पिढीचा सांबा. संथ. जुआँव गाऊन थांबतो आणि गेट्झ सुरू होतो, आणि इथे मात्र तो खोलीतल्या आवाजात बोलतो. वाक्यं तुटक होतात. एक ओळ वाजवून तो थांबतो, त्या रिकाम्या जागेत गिटारचा अंगठा ऐकू येतो, मग पुढची ओळ त्या अंगठ्याच्या किंचित मागून येते. म्हणजे शब्द मागे ठेवण्याची जुआँवची खोड सॅक्सोफोनने उचलली. ती उचलायला त्याला सांबाचा ताल "वाजवावा" लागला नाही. त्याने फक्त तालाशी नातं बदललं. समितीतल्या मॅडमना बोट ठेवून दाखवायचं असेल तर मी इथे ठेवेन.

यात तुमच्या कामाची एक गोष्ट आहे. मिश्रण चालीत असतं तर ते सगळ्यात जास्त 'देसाफिनादो'सारख्या चीजेत दिसायला हवं होतं, जी जॅझच्या कानाला आधीच जवळची आहे. ते सापडलं जुन्या, साध्या सांब्यात. चालीला कारण समजणं हा सरळ सरळ चुकीचा अर्थ निघतो. (संथपणाचा परिणाम असेल अशी शंका तुम्ही काढाल. काढाच. मग 'सो दान्सो सांबा' ऐका. ते जलद आहे आणि त्यात गेट्झ मजेत आहे, पण मजा जॅझची आहे. एका रेकॉर्डमधल्या आठ गाण्यांवर यापेक्षा जास्त दावा मी करणार नाही.)

छोटा संचच का, हेही यातून कळतं. मोठ्या ताफ्यात कोण कधी थांबणार हे आधी लिहून ठेवावं लागतं. क्षणाच्या शंभराव्या भागाने मागे राहणं कागदावर लिहिता येत नाही, ते शेजारच्याचं ऐकूनच करावं लागतं, आणि चार माणसांत ऐकू येतं ते वीस माणसांत येत नाही.

आता लिटरेचर रिव्ह्यूवाल्यांसाठी. "ब्राझील आणि जॅझ पहिल्यांदा कुणी एकत्र आणलं" या प्रश्नाचं उत्तर कुणी १९६२ देईल, तर कुणी १९५३, कारण त्या वर्षी कॅलिफोर्नियात लाउरिंदो आल्मेदा हा ब्राझीलचा गिटारवादक आणि सॅक्सोफोनवादक बड शँक यांनी चौघांच्या संचात अशी रेकॉर्ड केली होती. बासवर हॅरी बाबासिन, ड्रम्सवर रॉय हार्ट. तिला बोसा नोव्हाची पूर्वसूरी म्हणणारे आहेत. गिटार अधिक सॅक्सोफोन अशी व्याख्या केली तर ते बरोबर आहेत. जुआँवचा अंगठा ही व्याख्या घेतली तर १९५३ मध्ये तो अंगठा जगाने ऐकलेलाच नव्हता. "पहिला" हा शब्द व्याख्येवर उभा असतो, तुमच्या थिसिसमध्येसुद्धा.

आणि दोन शुद्ध द्रव्यं घेऊन मिसळली असंही काही नव्हतं. रिओतली ही मुलं अमेरिकन जॅझ ऐकूनच वाढली होती. कार्लोस लीराने तर सांब्यावर जॅझचा कसा परिणाम झालाय यावर थट्टेचं गाणंच लिहिलं, 'इन्फ्लुएन्सिया दो जॅझ'. समीक्षक जोझे रामोस तिन्होराँव यांनी बोसा नोव्हाला परक्यांची नक्कल म्हणून झोडपलं, आयुष्यभर. त्यांचा राग मला कळतो, निष्कर्ष पटत नाही. जुआँवच्या गिटारमध्ये सुर्दो आहे आणि तो न्यूयॉर्कहून आलेला नाही. पण त्यांचा प्रश्न रास्त आहे: परीक्षानळीत आधीपासूनच काय होतं?

शेवटचा भाग सगळ्यात कमी संगीताचा आहे आणि मला सगळ्यात जास्त टोचलेला.

'जॅझ सांबा'च्या मुखपृष्ठावर मोठी नावं दोन: गेट्झ आणि बर्ड. ताल शिकून आणलेला डेपेनश्मिट आतल्या यादीत. ही कल्पना मुळात आपली होती असं तो पुढे सांगत राहिला आणि अनेक वर्षांनी कोर्टात गेला. 'गेट्झ/जिल्बेर्तो'च्या मूळ आवृत्तीत बासवादक म्हणून टॉमी विल्यम्स हे नाव छापलं गेलं, वाजवलं होतं नेतोने. आस्त्रुदचं नाव पुढच्या बाजूला नव्हतंच. मग 'द गर्ल फ्रॉम इपनेमा'चं छोटं रूप रेडिओसाठी काढलं, तेव्हा जुआँवचं पोर्तुगीज कडवं कापून टाकलं आणि तिचं इंग्रजी ठेवलं. तेच जगभर गाजलं. १९६५ मध्ये ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम 'गेट्झ/जिल्बेर्तो', आणि सर्वोत्तम रेकॉर्ड हे कापलेलं गाणं. तिला गायला सांगण्याची कल्पना कुणाची, याचं श्रेय मात्र नंतर एकापेक्षा जास्त पुरुषांनी घेतलं.

कापलेलं रूप आणि पूर्ण रूप लागोपाठ ऐका. पूर्ण रूपात जुआँवचं कडवं आधी येतं, त्याने कान गिटारच्या पातळीवर उतरतो, आणि मग आस्त्रुदचा सपाट, न सजवलेला आवाज त्याच ओळीत बसतो. कापलेल्या रूपात ती थेट पुढे येते, गिटार मागची नक्षी होते. लोकांना आवडलं, मलाही आवडतं. पण ज्याच्यामुळे हे मिश्रण मिश्रण होतं तोच भाग वेळ वाचवायला काढला गेला.

म्हणजे दोन्ही रेकॉर्डमध्ये सांधा जिथे होता, तालात, बासमध्ये, न सजवलेल्या गळ्यात, तिथली माणसं यादीत खाली, चुकीची किंवा गायब. मी हे लिहीत असताना माझ्या पहिल्या पेपरचा ड्राफ्ट शेजारच्या खिडकीत उघडा होता. आमच्या लॅबमध्ये एक ताई पेशी वाढवते. माझी मापं चार महिने नुसती विखुरलेली येत होती. "तू मोजायला बसतेस तोवर प्लेट गार झालेली असते," हे तिच्या लक्षात आलं. तिने प्लेट गरम ठेवायची पद्धत बदलली आणि ग्राफ सरळ आला. भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र माझ्या कामात खरोखर एकत्र आलं ते त्या प्लेटवर. मी तिचं नाव आभारात घातलं होतं, दुसऱ्या ओळीत, एका केमिकल देणाऱ्या विभागाच्या नंतर. ते कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच घातलं होतं.

परवा तिचं नाव लेखकांत तिसरं टाकून ड्राफ्ट गाईडना परत पाठवला. त्यांचं उत्तर आलं की तिने नेमकं काय केलं ते एका परिच्छेदात लिहून दे, जर्नल विचारेल. आज सकाळी ताईला विचारून तो परिच्छेद लिहायला घेतलाय. तापमान, वेळ, प्लेटखाली काय ठेवलं, किती वेळा फसलं. वहीत सगळं तारखेनिशी आहे, तिच्या अक्षरात.

पुढच्या पोस्टमध्ये आरएसीसाठी प्रगती अहवाल कसा लिहायचा ते घेते, तीन जणांनी विचारलंय. तोवर 'पारा माशुकार' हेडफोन लावून ऐका आणि गेट्झ थांबतो तिथे गिटारचा अंगठा ऐकू येतो का ते कॉमेंटमध्ये सांगा. ज्यांना माझं 'देसाफिनादो'बद्दलचं मत पटत नाही त्यांनी तर नक्की सांगा.